बांधकाम परवाना : आरंभी घाई, अखेरीस विसर

छत्तीसगडची राजधानी रायपूर येथे निवासी भूखंडावर घर बांधण्याची परवानगी मानवी हस्तक्षेपाविना, संगणकाच्या साहाय्याने, अवघ्या एका रुपयाच्या शुल्कात देण्याची व्यवस्था २०२२ च्या आरंभी जाहीर झाली. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या निवासी भूखंडांसाठी ही सवलत होती. नकाशा मंजूर करून घेण्यासाठी महापालिकेच्या पायऱ्या झिजवणाऱ्या नागरिकांना तो मोठा दिलासा वाटला आणि तो तसा होताही. त्यानंतर सुमारे तीन वर्षांनी, १७ डिसेंबर २०२४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने मेरठमधील एका प्रकरणाचा निकाल देताना बांधकामाच्या आरंभापेक्षा अखेरीकडे सर्व राज्यांचे लक्ष वेधले. निवासी भूखंडावर उभ्या राहिलेल्या दुकानांचे ते प्रकरण होते. इमारत पूर्ण झाल्यावर ती मंजूर नकाशाप्रमाणे आहे का, हे पाहिल्याशिवाय तेथे वीज, पाणी, कर्ज किंवा व्यवसायाचा परवाना देऊ नये, असे न्यायालयाने बजावले. या दोन घटनांना एकत्र ठेवून पाहिल्यास रायपूरमधील शंकर नगरसारख्या वसाहतींचा प्रश्न नेमका कोठे अडला आहे, हे स्पष्ट होते.

शंकर नगर ही रायपूरमधील प्रतिष्ठित वसाहत मानली जाते. मंत्र्यांचे बंगले, बीटीआय मैदान, राज्याची शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषद यांमुळे या भागाची ओळख शहराबाहेरही आहे. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले आणि जिल्ह्याचे ठिकाण असलेले शहर एका रात्रीत राजधानी झाले. २००१ च्या जनगणनेत सुमारे ६ लाख लोकसंख्या असलेल्या या शहराने २०११ मध्ये १० लाखांचा आकडा ओलांडला. राजधानीला जे जे लागते, म्हणजे बँकांच्या शाखा, दवाखाने, शिकवणी वर्ग, उपाहारगृहे, सल्लागारांची कार्यालये, त्या सर्वांना रुंद रस्त्यांवरील जागा हव्या होत्या. निवासी म्हणून आखलेल्या वसाहतींच्या दर्शनी रांगेने ही गरज भागवली. बंगल्याच्या तळमजल्याचे दुकान झाले, वाहनांसाठी राखलेल्या जागेला शटर लागले. बॉटल हाऊस चौकाच्या परिसरात संध्याकाळी उभे राहिल्यास रस्त्यावर लावलेल्या गाड्यांवरूनच इमारतींमध्ये वाहनतळ किती आहेत, याचा अंदाज येतो.

रायपूर १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होते. चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळाच्या रूपाने मराठी समाजाचे येथील अस्तित्व आजही ठळक आहे. नोकरीनिमित्त आलेल्या आणि येथेच स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना महाराष्ट्रातील नातेवाइकांशी बोलताना दोन भाषांच्या सरकारी शब्दांमधून वाट काढावी लागते. महाराष्ट्रात ज्याला बिनशेती म्हणतात, त्याला येथे डायव्हर्शन म्हणतात. सातबाऱ्याच्या जागी खसरा आणि बी-१ येतो, परवानगीची अनुज्ञा होते आणि भोगवटा प्रमाणपत्राऐवजी पूर्णता प्रमाणपत्राची भाषा बोलली जाते. शब्द वेगळे असले, तरी मधली अडचण दोन्ही राज्यांत एकच आहे.

घर आणि दुकान

समजा, शंकर नगरमध्ये एखाद्या कुटुंबाचा २,४०० चौरस फुटांचा भूखंड आहे आणि त्यावर दुमजली घर बांधायचे आहे. मालकी हक्काची कागदपत्रे, जमिनीच्या नोंदींचे उतारे, डायव्हर्शनचा आदेश, मालमत्ता कर भरल्याची पावती आणि नोंदणीकृत वास्तुविशारदाने तयार केलेला नकाशा एवढे हाताशी असले की अर्ज सादर होऊ शकतो. जमीन नजूलची, म्हणजे शासनाच्या मालकीची आणि पट्ट्याने दिलेली असेल, तर ना हरकत दाखला आणखी लागतो. भूखंडाच्या चारही बाजूंना किती जागा मोकळी सोडायची, किती चटई क्षेत्र वापरता येईल, उंची किती असावी, हे छत्तीसगड भूमी विकास नियम, १९८४ यांनी ठरवून दिले आहे. संगणकप्रणाली नकाशातील आकडे या नियमांशी ताडून पाहते. पूर्वी हे काम अभियंता करत असे आणि प्रत्येक टेबलावर फाइल थांबत असे. आकडेमोडीचे काम यंत्राकडे गेले, हे योग्यच झाले.

हेच कुटुंब तळमजल्यावर दोन दुकाने काढू इच्छीत असेल, तर मात्र चित्र पूर्णपणे बदलते. शहराच्या विकास योजनेत हा भूखंड निवासी दाखवलेला असेल, तर महापालिका तेथे व्यापारी बांधकामाला परवानगी देऊ शकत नाही. भू-वापर बदलण्याचा अधिकार तिचा नाही. छत्तीसगड नगर तथा ग्राम निवेश अधिनियम, १९७३ नुसार हा विकास योजनेतील बदल ठरतो आणि त्याचा निर्णय राज्य शासनाच्या पातळीवर, सूचना प्रसिद्ध करून आणि हरकती ऐकून घ्यावा लागतो. एका भूखंडासाठी संपूर्ण शहराच्या योजनेत दुरुस्ती! कायद्याचा हेतू चांगला आहे. शेजाऱ्यांना न विचारता निवासी गल्लीचा बाजार होऊ नये, हाच तो हेतू. परंतु सामान्य भूखंडधारकाला हा मार्ग जवळजवळ बंद दिसतो. व्यापारी बांधकामासाठी नगर तथा ग्राम निवेश विभागाची विकास अनुज्ञा, महापालिकेची भवन अनुज्ञा, इमारतीच्या आकारानुसार अग्निशमन विभागाचा दाखला आणि वाहनतळाचा हिशेब हे सारे त्यानंतर येते.

म्हणजेच घराची परवानगी जवळजवळ विनामूल्य आणि तत्काळ, तर दुकानाची परवानगी खर्चिक, लांबणारी आणि अनिश्चित. या दोन टोकांमध्ये जे घडते, ते सांगण्यासाठी कोणत्याही पाहणी अहवालाची गरज नाही. घराचा नकाशा मंजूर करून घ्यायचा, भिंती त्याप्रमाणे उभारायच्या आणि रंगकाम आटोपले की पुढची भिंत पाडून तेथे शटर बसवायचे. कागदावर ते घरच राहते. पहिली परवानगी जितकी सुलभ होते, तितका हा मार्ग अधिक मोहक होतो, ही बाब एका रुपयाच्या योजनेचे कौतुक करताना फारशी कोणी विचारात घेतली नाही.

माफीचा दरवाजा

पुढची पायरी कायद्यानेच बांधून दिली आहे. छत्तीसगडमध्ये अनधिकृत विकास नियमित करण्याचा कायदा राज्यनिर्मितीनंतर लगेचच, २००२ मध्ये आला. २०२२ मध्ये त्यात दुरुस्ती करून हा दरवाजा पुन्हा उघडण्यात आला. १४ जुलै २०२२ पूर्वीची अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी अर्ज मागवण्यात आले. १२० चौरस मीटरपर्यंतच्या निवासी बांधकामांना दंड माफ होता. त्याहून मोठ्या आणि अनिवासी बांधकामांना क्षेत्रफळाप्रमाणे चढता दंड होता. वाहनतळासाठी जागा कमी पडत असल्यास कमी पडणाऱ्या प्रत्येक मोटारीमागे रक्कम भरण्याची तरतूद होती.

या योजनेचे समर्थन करणारे म्हणतात की, इमारती उभ्याच आहेत, त्यांत माणसे राहतात आणि पोट भरतात; त्या सर्व पाडणे कोणत्याही शासनाला शक्य नाही. मग किमान तिजोरीत दंड तरी यावा. लहान घरांपुरता हा युक्तिवाद पटण्याजोगा आहे. गरिबाने मोकळ्या जागेत आणखी एक खोली काढली, त्याला वर्षानुवर्षे नोटिशीच्या भीतीखाली ठेवण्यात कोणाचेही हित नाही. व्यापारी इमारतीच्या बाबतीत मात्र हिशेब वेगळा आहे. पैसे भरल्याने कागद नियमित होतो, गाडी उभी करण्याची जागा निर्माण होत नाही. ती गाडी रस्त्यावरच उभी राहते आणि तिचा भुर्दंड दंड भरणारा नव्हे, तर शेजारी आणि रस्त्याने जाणारे सोसतात. ज्याने सामासिक अंतर प्रामाणिकपणे सोडले, तळमजला वाहनांसाठी मोकळा ठेवला आणि भाड्याच्या उत्पन्नावर पाणी सोडले, त्याला या सर्व व्यवहारात काहीच मिळाले नाही. उलट, आपण भोळे ठरलो, एवढीच जाणीव त्याच्या वाट्याला आली.

महाराष्ट्रानेही या बाबतीत वेगळा आदर्श घालून दिलेला नाही. गुंठेवारी पद्धतीने पाडलेले भूखंड नियमित करण्याचा २००१ चा कायदा प्रारंभी १ जानेवारी २००१ पूर्वीच्या भूखंडांपुरता होता. २०२१ मध्ये ही मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवण्यात आली. मुंबईत भोगवटा प्रमाणपत्राविना वर्षानुवर्षे वापरात असलेल्या इमारतींसाठी २०२५ मध्ये राज्य शासनाने सवलतीचे धोरण जाहीर केले. वरळीच्या कॅम्पा कोला संकुलात पाच-सहा मजल्यांची मंजुरी असताना १९८० च्या दशकात एक इमारत १७ आणि दुसरी २० मजल्यांपर्यंत चढली. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये वरचे ३५ मजले बेकायदा ठरवले, तेव्हा विकासक केव्हाच बाजूला झाले होते आणि घर सोडण्याची वेळ रहिवाशांवर आली होती. पूर्णत्वाचा दाखला न पाहता ताबा घेण्याची किंमत कोण मोजतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही.

काही वेळा ही किंमत पैशांत मोजता येत नाही. ४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्याजवळ मुंब्रा परिसरात लकी कंपाउंड येथील इमारत कोसळून ७४ जणांचा मृत्यू झाला. बांधकाम सुरू असतानाच तिच्यात लोक राहू लागले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये विरार येथे अनधिकृत इमारतीचा भाग कोसळून १७ जण दगावले. या दुर्घटनांमधील इमारती आणि शंकर नगरमधील सुस्थित बंगले यांची तुलना होऊ शकत नाही, हे खरे आहे. मात्र ‘पूर्ण झालेली इमारत तपासली कोणी?’ या प्रश्नाचे उत्तर दोन्हीकडे सारखेच मिळते.

मोजमाप कशाचे?

परवानगीच्या वेगालाच सुधारणा समजण्याची सवय शासनांना लागण्यामागे एक आंतरराष्ट्रीय कारणही होते. जागतिक बँकेच्या ‘डुइंग बिझनेस’ अहवालात बांधकाम परवान्यांच्या निकषावर २०१८ च्या आवृत्तीत भारत १९० देशांमध्ये १८१ व्या स्थानी होता. २०२० च्या आवृत्तीत तो २७ व्या स्थानी पोहोचला. ही झेप मोठ्या अभिमानाने सांगितली गेली. या मोजणीसाठी केवळ मुंबई आणि दिल्ली ही शहरे घेतली जात आणि जिचा परवाना मोजला जाई, ती काल्पनिक इमारत एक गोदाम असे. रायपूर त्यात नव्हते, राहते घर नव्हते आणि घराचे झालेले दुकान तर नव्हतेच. आकडेवारीतील गैरप्रकार उघड झाल्यानंतर २०२१ मध्ये जागतिक बँकेने हा अहवालच बंद केला. तोवर राज्या-राज्यांत ऑनलाइन प्रणालींची स्पर्धा सुरू झाली होती. महाराष्ट्राच्या डिसेंबर २०२० मधील एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनेही मुंबई वगळता बहुतांश भागांत १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडांना नेहमीच्या परवानगी प्रक्रियेतून मोकळे केले आणि ३०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडांना दहा दिवसांत परवानगी देण्याचे ठरवले.

या सुधारणा मागे घ्याव्यात, असे कोणी म्हणणार नाही. टेबलाखालून होणाऱ्या देवघेवीला त्यांनी निश्चितच आळा घातला आहे. परंतु अभियंत्याचे जे मनुष्यबळ नकाशे तपासण्यातून मोकळे झाले, ते प्रत्यक्ष जागेवर पाठवण्याची व्यवस्था त्याच तत्परतेने झाली, असे दिसत नाही. जोत्यापर्यंत काम आल्यावर एकदा आणि इमारत पूर्ण झाल्यावर एकदा तपासणी, एवढे जरी कसोशीने झाले, तरी बहुतेक उल्लंघने शटर लागण्यापूर्वीच लक्षात येतील. मालकालाही पूर्णता प्रमाणपत्राची ओढ वाटत नाही, कारण त्यावाचून त्याचे काहीच अडत नाही. पावसाचे पाणी जमिनीत मुरवण्याची व्यवस्था करावी म्हणून परवानगीच्या वेळी अनामत रक्कम घेतली जाते. व्यवस्था केल्याचे दाखवून ती परत मिळवता येते. ही स्वतःच्या हक्काची रक्कम मागायलाही अनेक जण महापालिकेकडे फिरकत नाहीत. अनामत मागायला गेले, तर कोणीतरी इमारत पाहायला येईल, ही त्यामागील व्यावहारिक अडचण!

दिल्ली आणि मेरठ

निवासी जागेच्या व्यापारी वापराबाबत कठोर भूमिका घेतल्यास काय घडते, हे दिल्लीने २००६ मध्ये अनुभवले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार मार्च २००६ पासून निवासी इमारतींतील दुकानांना टाळे ठोकण्यास सुरुवात झाली. व्यापारी रस्त्यावर उतरले, बाजार बंद राहिले. अखेरीस दोन हजारांहून अधिक रस्ते व्यापारी अथवा मिश्र वापरासाठी अधिसूचित झाले आणि फेब्रुवारी २००७ मध्ये लागू झालेल्या ‘दिल्ली बृहत् आराखडा २०२१’मध्ये मिश्र वापराला स्थान मिळाले. एकेका भूखंडाला माफी देण्याऐवजी संपूर्ण रस्त्याचा विचार करणे, त्यासाठी शुल्क घेणे आणि वाहनतळाची व्यवस्था लावणे, हे त्यातील तत्त्व होते. अंमलबजावणीत असंख्य त्रुटी राहिल्या. तरीही शंकर नगरच्या मुख्य रस्त्यासारख्या ठिकाणी हे तत्त्व अधिक प्रामाणिक ठरेल. जो रस्ता व्यवहारात बाजार झालाच आहे, त्याला विकास योजनेत तसे म्हणावे. आतील गल्ल्या मात्र निवासी ठेवाव्यात आणि तेथे तडजोड करू नये.

मेरठच्या शास्त्री नगरमधील प्रकरणात ही संधी उरली नव्हती. निवासी प्रयोजनासाठी दिलेल्या भूखंडावर दुकाने उभी राहिली. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ती पाडण्याचा आदेश दिला होता. सर्वोच्च न्यायालयात हे प्रकरण दहा वर्षे चालले. न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांच्या पीठाने तो आदेश कायम केला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ती इमारत प्रत्यक्षात पाडण्यात आली. बांधकामाला किती वर्षे झाली, त्यात किती पैसा गुंतला आहे किंवा अधिकाऱ्यांनी किती काळ डोळेझाक केली, ही कारणे बेकायदा बांधकामाच्या बचावासाठी पुरेशी नाहीत, असा या निकालाचा आशय आहे. त्याआधी महिनाभर, १३ नोव्हेंबर २०२४ रोजी, त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने पाडकामापूर्वी किमान पंधरा दिवसांची नोटीस आणि सुनावणी बंधनकारक केली होती. दोन्ही निकाल एकत्र वाचले पाहिजेत. बेकायदा बांधकामाला संरक्षण नाही आणि प्रशासनाला मनमानीची मुभाही नाही.

मेरठ निकालातील निर्देश वाचताना त्यांची साधी रचना लक्षात येते. मंजूर नकाशाची प्रत बांधकामाच्या जागी लावावी. अधिकाऱ्यांनी ठरावीक काळाने पाहणी करून तिची नोंद ठेवावी. पूर्णत्वाच्या किंवा भोगवटा प्रमाणपत्राशिवाय ताबा देणार नाही, अशी हमी परवानगी देतानाच घ्यावी. वीज, पाणी आणि मलनिःसारणाची जोडणी या प्रमाणपत्रानंतरच द्यावी. बँकांनी इमारत तारण ठेवून कर्ज देण्यापूर्वी ते तपासावे. अनधिकृत इमारतीत व्यवसायाचा परवाना देऊ नये. एकट्या महापालिकेकडे डोळे लावून बसण्याऐवजी इमारतीच्या वापराशी संबंधित प्रत्येक यंत्रणेकडे एकेक किल्ली द्यावी, अशी ही कल्पना आहे.

तिच्या अंमलबजावणीत एक कायदेशीर पेच मात्र आहे. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ४३ नुसार कोणत्याही जागेच्या मालकाने किंवा तेथे राहणाऱ्याने अर्ज केल्यास त्याला विहित मुदतीत वीजपुरवठा करणे वितरण कंपनीचे कर्तव्य आहे. इमारत नकाशाप्रमाणे आहे का, हे तपासण्याची जबाबदारी हे कलम कंपनीवर टाकत नाही. राज्यांच्या वीज नियामक आयोगांनी पुरवठा संहितेत पूर्णता प्रमाणपत्राची अट स्पष्ट शब्दांत घातली नाही, तर वितरण कंपनीचा कर्मचारी न्यायालयाचा निर्देश आणि ग्राहकाचा अर्ज यांच्यामध्ये अडकेल. लहान घरांना या अटीतून सूट द्यायची का, दिल्यास किती चौरस मीटरपर्यंत, हेही ठरवावे लागेल. तसे न केल्यास दर्शनी रस्त्यावरील शोरूमला वकील मिळेल आणि मागच्या वस्तीतील एका खोलीच्या घरात अंधार राहील.

शंकर नगरमध्ये आज नवे बांधकाम सुरू करणाऱ्या मालकाला प्रथम तात्पुरती वीजजोडणी घ्यावी लागते. काम संपल्यावर ती कायम करून घेण्यासाठी तो वितरण कंपनीच्या कार्यालयात पुन्हा जातो. त्या खिडकीवर त्याच्याकडून कोणता कागद मागितला जाणार आणि जोडणी घरगुती दराने मिळणार की व्यापारी, हे अद्याप महापालिकेच्या नकाशावर अवलंबून नाही.